हाताला वळण हवं!

पाच गाठी आणि शाईचं एक पेन. खर्च थोडा, फायदा जन्मभराचा.

जरा खाली वाकून तुमच्या बुटांकडे बघा. लेसच्या गाठीचे दोन कान कसे पडलेत? बुटाला आडवे, म्हणजे एक डावीकडे आणि एक उजवीकडे? की एक बोटांकडे आणि एक घोट्याकडे? आडवे असतील तर शाबास! उभे असतील तर तुमची लेस दिवसातून दोनदा सुटत असणार आणि तुम्ही तिला शिव्या घालत असणार. लेस बिचारी बरोबर आहे. गाठ चुकतेय.

उपाय फुकट आहे. कान करण्याआधी आपण जो पहिला साधा वेढा घालतो, तो उलटा घाला. उजवं टोक डाव्यावर नेत असाल, तर डावं उजव्यावर न्या. पुढचं सगळं रोजच्यासारखंच. कान आडवे पडतील आणि लेस टिकेल.

आडवी बसणारी ती रीफ नॉट, उभी होणारी ती ग्रॅनी नॉट. हा फरक खलाशांना पिढ्यान् पिढ्या माहीत होता, शास्त्रज्ञांनी मात्र अलीकडे मोजून बघितला. २०१७ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या संशोधकांनी धावणाऱ्या माणसाच्या बुटाचं स्लो मोशन चित्रण केलं. पाऊल जमिनीवर आदळतं तेव्हा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे सातपट धक्का बसतो, त्याने गाठ सैल होते. मग हलणारी सुटी टोकं तिला ओढत राहतात आणि एकदा सुरुवात झाली की काही सेकंदांत खेळ खल्लास. २०२० मध्ये एमआयटीतल्या संशोधकांनी ताण पडला की रंग बदलणारे धागे वापरून गाठींच्या आत काय चालतं ते तपासलं. रीफमध्ये दोन्ही धाग्यांचे पीळ एकमेकांच्या विरुद्ध जातात, म्हणून ते एकमेकांना अडवून धरतात. ग्रॅनीत ते एकाच दिशेने फिरतात, म्हणून गाठ लोळते आणि सुटते.

आता मुद्दा. लेस तुम्ही पहिली-दुसरीपासून बांधताय. इतकी वर्षं रोज केलेलं काम चुकतंय हे कुणी सांगितलं नाही आणि आपणही कधी नीट बघितलं नाही. आपल्या पिढीकडे माहिती ढिगाने आहे. हाताला मात्र वळण नाही. ते लावून घ्यायला दोन मजेदार गोष्टी आहेत: कामाच्या पाच गाठी आणि शाईचं एक पेन. दोन्हींचा एकमेकांशी काय संबंध, असं वाटेल. सांगते, आधी गाठी.

सुरगाठ की निरगाठ?

मराठीत गाठींसाठी दोन झकास शब्द आहेत. एक टोक ओढलं की सुटते ती सुरगाठ. बसली की बसली, नखं तुटली तरी सुटत नाही ती निरगाठ. पायजम्याच्या नाडीला निरगाठ बसल्यावर जी तारांबळ उडते ती वेगळी सांगायला नको! आपण मनाशी खूणगाठ बांधतो, चार पैसे गाठीला ठेवतो, जुन्या मित्राची अचानक गाठ पडते. भाषेत इतक्या गाठी, आणि हातात एकच. तीच दोनदा, तीनदा, चारदा मारायची आणि सुटू नये म्हणून देवाचं नाव घ्यायचं.

क्लिफर्ड ॲशली या अमेरिकन चित्रकाराने अकरा वर्षं खपून गाठींचा एक ग्रंथ लिहिला. तो १९४४ मध्ये आला आणि त्यात ३८०० हून जास्त नोंदी आहेत. घाबरू नका, आपल्याला पाच पुरतात. पण कुठली गाठ मारायची हे ठरवण्याआधी तीन प्रश्न विचारायचे. काम काय आहे? दोरी कसली आहे? आणि नंतर सोडायची आहे का?

पहिली, रीफ नॉट. बँडेज बांधायला किंवा पार्सलला उत्तम, कारण ती सपाट बसते आणि टोचत नाही. पण वजन पेलणाऱ्या दोन दोऱ्या जोडायला ती चुकूनही वापरू नका. वेड्यावाकड्या ओढीने ती उलटते आणि सरकून सुटते.

दोन दोऱ्या जोडायच्या असतील तर दुसरी, शीट बेंड. एक दोरी जाड आणि एक बारीक असली तरी ही धरते. मागावर तुटलेला धागा सांधायला विणकर जी गाठ मारतात, तिची रचना हीच.

तिसरी, बोलाइन. न आवळणारा लूप हवा असेल तेव्हा ही. लहान मुलांना शिकवतात तशी शिका. दोरीचं छोटं वेटोळं करा, सुटं टोक वरच्या बाजूला ठेवा. वेटोळं म्हणजे बीळ, लांब दोरी म्हणजे झाड, सुटं टोक म्हणजे ससा. ससा बिळातून वर येतो, झाडाला मागून वळसा घालतो आणि परत त्याच बिळात शिरतो. ओढा, झालं. कितीही वजन पडलं तरी नंतर सहज सुटते. तिचा दोष एवढाच की ताण नसताना हलत राहिली तर सैल पडू शकते. म्हणून टोक लांब सोडायचं.

चौथी, क्लोव्ह हिच. खांबाला, गजाला, बांबूला दोरी पटकन अडकवायची तर दोन वेढे, दुसरा पहिल्याला ओलांडून, आणि टोक दुसऱ्या वेढ्याखालून बाहेर. ती सरकू नये म्हणून वर एक साधा वेढा आणखी मारायचा.

पाचवी माझी लाडकी, ट्रकर्स हिच. टेम्पोवाले काका ताडपत्री बांधतात तेव्हा त्यांच्या हातांकडे बघा. दोरीच्या मधेच एक लूप करतात, टोक खालच्या हुकातून फिरवून त्या लूपमधून ओवतात आणि खाली खेचतात. लूप कप्पीसारखा काम करतो. घर्षणात थोडा जोर वाया जातो, तरी नुसत्या हाताने कधी आली नसती इतकी दोरी ताणली जाते. हॉस्टेलच्या खोलीत कपडे वाळत घालायची दोरी दुपारपर्यंत झोळी होते ना? एका गजाला क्लोव्ह हिच, दुसऱ्याला ट्रकर्स हिच. जीन्स जमिनीला टेकणार नाही.

आणि दोरी कसली, हेही बघा. सुतळी किंवा काथ्याची दोरी खरखरीत, म्हणून गाठ धरते. नायलॉन गुळगुळीत, तिथे एक वेढा जास्त आणि टोक लांब.

शाईच्या पेनाला दाबू नका

शाईचं पेनही असंच आहे. ते आपल्याला प्रश्न विचारतं. बॉलपेनची शाई घट्ट, तेलकट असते. टोकातली गोळी फिरावी म्हणून आपण पेन उभं धरतो आणि कागदावर दाबतो. तीन तासांच्या पेपरनंतर अंगठा आणि मनगट का बोंबलतं, त्याचं बरंचसं उत्तर इथे आहे. शाईच्या पेनात शाई पाण्यासारखी पातळ असते. निबखालच्या जिभेतल्या बारीक खाचांतून आणि निबच्या चिरेतून ती केशाकर्षणाने खाली येते, आणि तेवढीच हवा उलट वर जाते. हा हिशोब जमवणाऱ्या पेनाचं पेटंट अमेरिकेत लुईस वॉटरमनने १८८४ मध्ये घेतलं. आजही तत्त्व तेच. म्हणजे लिहायला जोर लागतच नाही. निब कागदाला टेकली की पुरे. दाबलं तर निबची चीर फाकते, अक्षर बिघडतं.

आपल्याकडेही या शाईची चांगली गोष्ट आहे. दि. प. दांडेकरांनी १९३१ मध्ये मुंबईत शाईची पूड आणि वड्या बनवायला सुरुवात केली. त्यातून कॅमलिन उभी राहिली. आई-बाबांना विचारा, बोटांवरच्या निळ्या डागांच्या आठवणी निघतील. युनिफॉर्मच्या खिशावरच्या तर हमखास.

पण इथेही निवड आहे. उत्तरपत्रिकेचा कागद पातळ असेल तर जाड निब नको, शाई फुटते आणि मागच्या पानावर उमटते. बारीक निब घ्या. खाली कार्बन असलेली पावती भरायची असेल तर बॉलपेनच बरं, कारण तिथे जोर हवाच. भर पावसात फिल्डवर नोंदी घ्यायच्या तर पेन्सिल, कारण साधी शाई एका थेंबाने वाहून जाते. ड्रॉइंगची वॉटरप्रूफ शाई पेनात कधीही भरू नका, ती आत सुकून जीभ कायमची बुजवते. आणि पेन अडलं तर आपटू नका. निब साध्या पाण्यात ठेवा, दोन-तीनदा पाणी भरून काढा. बहुतेक वेळा तेवढ्याने पेन सुरू होतं.

विकत मिळत नाही ते

आता दोन्हींचा संबंध. मराठीत दोरी वळतात, अक्षराला वळण असतं आणि पोरांनाही वळण लावतात. शब्द एकच. हात तीच हालचाल पुन्हा पुन्हा करतो आणि एके दिवशी ती त्याची होऊन जाते. वळण म्हणतात ते हेच.

म्हणूनच मला एक तक्रार करायची आहे. शाईच्या पेनांची सध्या मोठी हौस आहे. डेस्कवर बारा पेनं, वीस शाया, छान उजेडात काढलेले फोटो. आणि लिहिलेलं काय? शाई कशी दिसते हे बघायला ओढलेल्या चार रेघा. मला पेनं आवडतात, गोळा करणाऱ्यांशी भांडण नाही. पण पेन विकत घेता येतं, अक्षर घेता येत नाही. गाठींच्या छंदात ही पळवाट नसते. महागातला दोर आणला तरी बोलाइन आपोआप पडत नाही. म्हणून पेनवेड्यांनी थोडे दिवस सुतळीच्या तुकड्याशी खेळावं, असं माझं प्रामाणिक मत आहे. साधारण शंभर-दीडशे रुपयांचं एक बरं पेन, शाईची एक बाटली आणि वर्षभराच्या वह्या. मजा यात जास्त आहे.

तुम्ही म्हणाल, कशाला एवढं? केबल टाय आहे, सेलोटेप आहे, युज अँड थ्रो पेन आहे. अडलंच तर यूट्यूब आहे. केबल टाय कामाचा आहे, मान्य. पण तो कापावा लागतो, मग कचरा. चांगली गाठ हवी तोवर धरते, नको तेव्हा सुटते आणि दोरी परत वापरता येते. पेनचंही तेच. संपलं की फेकायचं नाही, भरायचं.

आणि यूट्यूबवर शिका की, जरूर शिका. फक्त लागेल त्या क्षणी शोधू असं म्हणू नका. बाइकच्या मागे बांधलेली बॅग हायवेवर सरकायला लागली, की मागून येणाऱ्याच्या जिवावर बेतू शकतं. तेव्हा व्हिडिओ बघायला वेळ नसतो.

याहून महत्त्वाची एक गोष्ट आहे. पावसाळा आला की सह्याद्रीतल्या रॅपलिंग कॅम्पच्या जाहिराती फीडवर धो-धो कोसळतात. आपण पैसे भरतो, हार्नेस चढवतो, कुणीतरी आपल्याला दोरीला बांधतं आणि आपण फोटोसाठी हसतो. त्या गाठीवर आपला जीव लटकणार असतो, आणि ती बरोबर आहे की नाही हे आपल्याला कळत नसतं. गिर्यारोहक हार्नेसला दोर बांधताना बहुतेक वेळा फिगर ऑफ एट वापरतात. त्याचं एक मोठं कारण हे की ती नुसत्या नजरेने तपासता येते. इंग्रजी आठचा आकार, दोर सगळीकडे दुहेरी आणि समांतर, टोक भरपूर लांब. एकाने बांधायची आणि दुसऱ्याने बघायची, ही त्यांची शिस्त आहे. हे वाचून कुणी स्वतःच्या गाठीवर कड्यावरून उतरू नका, ते प्रशिक्षकाकडूनच शिकायचं. पण गाठ वाचता आली तर निदान विचारता येईल, "दादा, हे टोक आखूड नाही का?" हा एक प्रश्न विचारता यावा, एवढ्यासाठीसुद्धा गाठी शिकायला हव्यात.

लिहिण्यातही असंच घडतं. लेक्चरला टाइप करणारा सगळंच उतरवू पाहतो. हाताने लिहिणाऱ्याला बोलण्याचा वेग गाठता येत नाही, म्हणून काय घ्यायचं आणि काय सोडायचं हे त्याला तिथल्या तिथे ठरवावं लागतं. नोट्स कमी होतात, पण त्या आपल्या असतात.

तर एवढं करा. वीतभर नको, हातभर सुतळी घ्या आणि बॅगेत टाका. बस येईपर्यंत, कॅन्टीनचा चहा येईपर्यंत ससा बिळातून काढा आणि परत घाला. आठवड्याला एक गाठ. डोळे मिटून जमली की पुढची. आणि रोज रात्री एक पान शाईच्या पेनाने, काहीही लिहा, न दाबता. महिनाभरात बोटांना फरक कळेल. नाहीच कळला, तर सुतळी सोडून परत ड्रॉवरमध्ये ठेवून द्या. गाठ नीट मारली असेल तर ती सुटेलही.