कमिशनवरची उमेदवारी

पदवीच्या उंबरठ्यावरील तरुणांपुढे हल्ली वाशीम, कारंजा, रिसोडसारख्या गावांतही एक प्रस्ताव येतो: विक्रीच्या कामाची तीन महिन्यांची ‘इंटर्नशिप’, विद्यावेतन नाही, विक्रीवर कमिशन, अखेरीस प्रमाणपत्र. हा प्रस्ताव स्वीकारावा काय? ‘अनुभव मिळेल’ आणि ‘हे शोषण आहे’ ही दोन्ही उत्तरे घाईची होत. मूळ प्रश्न असा की, माल न खपण्याची जोखीम कोणी वाहावयाची?

कमिशनची पद्धत मुळातच त्याज्य नाही. बाजार समितीतील अडत्या अडतीवरच जगतो. परंतु हंगामात सोयाबीन आणि तूर त्याच्या दारी चालून येते. परवाना, भांडवल आणि पत त्याच्यापाशी असते. उमेदवाराजवळ यांपैकी काहीच नसते. माल कोणता, किंमत किती, हे कंपनीने ठरवावयाचे आणि तो निर्णय चुकला तर पेट्रोलचा खर्च उमेदवाराच्या घराने सोसावयाचा, असा हा व्यवहार आहे.

त्यातून लहान गावात पहिले गिऱ्हाईक मामा, दुसरे शेजारी, तिसरे शाळेतील गुरुजी. म्हणजे मालाबरोबर घराण्याने जोडलेला विश्वासही विकला जातो. ओळखी संपल्या की विक्री थांबते आणि कंपनी नवा उमेदवार, म्हणजेच नवे सोयरे, शोधू लागते. माल वाईट निघाला तर गावात तोंड दाखवावयाचे ते त्या मुलालाच.

1948 च्या किमान वेतन कायद्यात, कामाच्या नगावर मजुरी घेणाऱ्यासाठीही वेळेनुसार हमीचा दर ठरविण्याची तरतूद होती. 1961 च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतन बंधनकारक केले. किमान वेतनाहून कमी मोबदल्यात काम करून घेणे ही वेठबिगारीच होय, असे सर्वोच्च न्यायालयाने 1982 मध्ये आशियाई क्रीडास्पर्धांच्या बांधकाममजुरांच्या खटल्यात सांगितले. ‘इंटर्न’ या नावाचा उपयोग मालकवर्ग या साऱ्यांतून निसटण्यासाठी करतो. खुद्द राज्य शासनाने 2024 च्या युवा कार्य प्रशिक्षण योजनेत शिक्षणानुसार दरमहा 6, 8 आणि 10 हजार रुपये विद्यावेतन ठरविले. प्रशिक्षणाच्या काळातही पोट असते, हे तत्त्व शासनाला मान्य आहे. मग कंपन्यांना का नसावे?

‘काहीच नसण्यापेक्षा हे बरे’ असे म्हटले जाते. 1998 मध्ये जिल्हा झालेल्या आणि 2018 मध्ये ‘आकांक्षित’ जिल्ह्यांच्या यादीत गेलेल्या वाशीममध्ये या युक्तिवादाचे वजन मोठे आहे. परंतु ज्याच्या घरी पगार येतो तोच तीन महिने फुकट राबू शकतो. शेतमजुराच्या मुलीला त्याच काळात सोयाबीन सोंगणीची मजुरी बुडवावी लागते. ही संधी गुण पाहून नव्हे, बापाचा खिसा पाहून मिळते.

तेव्हा आमचे मत स्पष्ट आहे. लेखी करार, ठराविक विद्यावेतन व प्रवासखर्च, आणि कमिशन केव्हा देय होईल याचा खुलासा असेल, तरच हे काम घ्यावे. नोंदणीशुल्क, अनामत किंवा आधी माल विकत घेण्याची अट असेल तर पाठ फिरवावी. हाताखाली माणसे जोडण्यावरच कमाई असेल, तर 1978 मध्ये कायद्याने बंदी घातलेल्या साखळी योजनांचीच ती भावंडे समजावीत. गरजेपोटी काम पत्करलेल्या तरुणाला मात्र कोणी दोष देऊ नये. एकट्याने नकार देणे त्याला परवडत नाही. म्हणूनच महाविद्यालयांनी विनावेतन विक्रीच्या भरतीला दार उघडू नये, ही मागणी संघटनेने प्राचार्यांपुढे मांडली पाहिजे.