सालीची भुकटी रंग धरील, मीठ कोण धरणार?



आपण कापूस पांढरा विकतो. तो रंगतो दुसरीकडे, आणि त्या रंगाचे पाणी कुठल्या तरी शेतकऱ्याच्याच नदीत उतरते. इचलकरंजीखाली पंचगंगेत ते उतरले, तमिळनाडूत तिरुपूरखाली नोय्यल नदीत उतरले. आता अमरावतीजवळ नांदगाव पेठेत सुमारे एक हजार एकरांवर पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्क उभे राहायचे आहे. 20 सप्टेंबर 2024 रोजी त्याची पायाभरणी झाली. कापूस पिकतो तिथेच कापड व्हावे, यात वाईट काहीच नाही. पण कापडाबरोबर रंगाचे पाणीही इथेच येणार, याचा हिशेब आजच मांडला पाहिजे.

या पाण्यावर एक स्वस्त उपाय सांगितला जातो. संत्र्याची साल, केळीचा गाभा, शेंगांची टरफले, भाताचा कोंडा वाळवून दळायचा आणि रंगाच्या पाण्यात ढवळायचा. रंग भुकटीला चिकटतो, पाणी निवळते. हे थोतांड नाही. कोइम्बतूरच्या भारतियार विद्यापीठात सी. नमशिवायम यांनी 1990 च्या दशकात केळीचा गाभा आणि संत्र्याची साल घेऊन असे प्रयोग केले. पुढे पऱ्हाटीच्या कोळशावरही काम झाले. कारखान्यात वापरतात तो खास कोळसा महाग पडतो, म्हणून हा शोध. आपले गुऱ्हाळवाले भेंडीचा रस घालून उसाच्या रसाची मळी वर आणतात. तिथे मळी गोळा होते, इथे रंग चिकटतो, एवढाच फरक.

मग अडते कुठे? तीन ठिकाणी.

पहिले, रंगारंगांत फरक आहे. प्रयोगशाळेत बहुतेकदा जो निळा रंग घेतात तो सालीला चटकन चिकटतो. सुती कापडाला लावतात ते रंग मात्र वेगळ्या जातीचे. ते साध्या भुकटीला सहज धरत नाहीत. पाणी आंबट करावे लागते, नाहीतर भुकटीवर आधी प्रक्रिया करावी लागते. म्हणजे स्वस्ताई तिथेच कमी झाली.

दुसरे, मीठ. कापसाला रंग बसावा म्हणून लिटरमागे कित्येक ग्रॅम मीठ घालतात. साल रंग धरील, पण विरघळलेले मीठ जसेच्या तसे पुढे जाईल. पाणी दिसायला नितळ आणि जमिनीला विष! नोय्यलवरचे ओरतुपालयम धरण शेतीसाठी बांधले, आणि त्याच धरणाचे पाणी शेताला नको म्हणण्याची पाळी शेतकऱ्यांवर आली. ते कोर्टात गेले, वर्षानुवर्षे लढले. जानेवारी 2011 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने तिरुपूरचे रंगकारखाने बंद करण्याचा हुकूम दिला, तेव्हा कुठे पाणी बाहेर न सोडता मीठ वेगळे काढण्याची यंत्रे कारखानदारांना गळी उतरली. आपल्या काळ्या भारी जमिनीत मीठ साचले तर ती चिकट होते, निचरा थांबतो. कोरडवाहूवाल्याला दुसरी जमीन कुठून मिळणार?

तिसरे, वजन. लिटरमागे पाच ग्रॅम भुकटी धरा. रोज दहा लाख लिटर पाण्याला पाच टन, म्हणजे 50 क्विंटल कोरडी भुकटी लागेल. ओल्या सालीत सुमारे तीन चतुर्थांश पाणीच असते, म्हणजे ओली साल रोज वीस टन. एवढी साल हॉटेलांच्या उकिरड्यावरून येणार नाही. मग नजर कुठे वळणार? आपल्या पऱ्हाटीकडे आणि कडब्याकडे. शहाण्यांच्या कागदात याला 'टाकाऊ माल' म्हणतात आणि किमतीच्या रकान्यात शून्य लिहितात. पऱ्हाटी आपल्या चुलीत जळते, कडबा बैल खातो. उपटणे, बांधणे, वाहणे याची मजुरी कोण देतो? इंडियाचा रंग धुवायला भारताने फुकट साबण पुरवायचा, हा जुनाच खेळ आहे.

भुकटी वापरल्यावर तिचे काय, हेही कोणी सांगत नाही. रंग नाहीसा होत नाही, पाण्यातून भुकटीत जातो. ती भुकटी नाल्याकाठी टाकली तर पहिल्या पावसात सगळे परत. कारखान्यांचा असा गाळ सिमेंटच्या भट्टीत जाळतात. गडचांदूरच्या आसपास सिमेंटच्या भट्ट्या आहेत, म्हणजे तो गाळ आपल्याच दारात येऊ शकतो. धुळीचे आपल्याला नवल नाही. पण काय आले, किती आले, धुरातून काय गेले, याची नोंद ग्रामपंचायतीत लागल्याशिवाय एक ट्रकही घेऊ नये.

म्हणून माझे म्हणणे एवढेच. उपाय चांगला आहे, पण तो जोडीला आहे, बदली नाही. जिल्हा बैठकीने चार मागण्या ठरावात घ्याव्यात. एक, वस्त्रोद्योग पार्कातल्या रंगकारखान्यांनी रंगाबरोबर मिठाचा बंदोबस्त आधी दाखवावा, मग कापड रंगवावे. दोन, सालीचा आणि पऱ्हाटीचा प्रयोग नागपूरच्या नीरीने खऱ्या सांडपाण्यावर करून आकडे मराठीत जाहीर करावेत. तीन, पऱ्हाटी घ्यायची तर वजनावर, रोखीने, मजुरी धरून भाव द्यावा. चार, वापरलेल्या भुकटीची विल्हेवाट उघड नोंदीने व्हावी.

कापसाला घामाचे दाम मागणारे आपण, पऱ्हाटी फुकट का द्यायची? आणि जमीन तर कोणत्याच भावाने देणे नाही.