सरकारी वकील नेमताना उद्याचा न्यायाधीश पाहा

ऑगस्ट १९९२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात एक तरुण वकील राज्याच्या बाजूने उभा राहू लागला. पद होते सहायक सरकारी वकील आणि अतिरिक्त सरकारी अभियोक्ता. सनद मिळून जेमतेम सात वर्षे झाली होती. १७ जानेवारी २००० रोजी त्याच खंडपीठाचे सरकारी वकील व सरकारी अभियोक्ता म्हणून त्यांचीच नेमणूक झाली. १४ नोव्हेंबर २००३ रोजी ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले, मे २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ मे २०२५ रोजी सरन्यायाधीश झाले. हे अमरावतीचे भूषण रामकृष्ण गवई.

वऱ्हाडाला त्यांचा अभिमान आहे आणि तो रास्तच आहे. दादासाहेब गवईंचे चिरंजीव, देशाचे पहिले बौद्ध सरन्यायाधीश, ही त्यांची ओळख आता घरोघरी पोहोचली आहे. त्यांच्या सरकारी वकिलीच्या वर्षांबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. बुलडाणा जिल्ह्याने तरी त्या वर्षांकडे नीट पाहायला हवे, कारण खामगावच्या सत्र न्यायालयातला निकाल ज्या नागपूर खंडपीठात अपिलात जातो, त्याच खंडपीठात हा न्यायाधीश घडला.

सरकारी वकिलाच्या टेबलावर राज्यकारभार उघडा पडतो. पंचनाम्यातल्या त्रुटी, उशिरा नोंदवलेली फिर्याद, सुनावणी न देता काढलेला आदेश, भूसंपादनाचा रखडलेला मोबदला, हे सगळे विरुद्ध पक्षाच्या आधी त्याला दिसते. ‘साहेब, हा आदेश कोर्टात टिकणार नाही’ असे अधिकाऱ्याला तोंडावर सांगण्याची वेळ त्याच्यावर वारंवार येते. ज्याने हे धैर्याने सांगितले, तो पुढे न्यायासनावर बसला की सरकारी प्रतिज्ञापत्राच्या ओळींमागचे वास्तव त्याला लवकर उमगते.

१३ नोव्हेंबर २०२४ चा ‘बुलडोझर’ निकाल पाहा. एखाद्यावर गुन्ह्याचा आरोप आहे म्हणून त्याचे घर पाडता येणार नाही, असे न्या. गवई आणि न्या. के. व्ही. विश्वनाथन यांनी बजावले. आधी नोटीस, उत्तरासाठी किमान १५ दिवस, प्रत्यक्ष सुनावणी, पाडकामाचे चित्रीकरण आणि नियम मोडणाऱ्या अधिकाऱ्याकडून भरपाई, असा क्रम त्यांनी आखून दिला. रस्ते, पदपथ, नदीपात्र अशा सार्वजनिक जागांवरील अतिक्रमणांना हे संरक्षण नाही, हेही स्पष्ट केले. गवई पूर्वी नागपूर आणि अमरावती महापालिकांचे वकील होते. पालिकेची नोटीस कशी निघते आणि कुठे अडते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

नागपूरची ही परंपरा जुनी आहे. मोहम्मद हिदायतुल्ला १९४२ मध्ये नागपूरला सरकारी वकील झाले, पुढच्याच वर्षी मध्य प्रांत व वऱ्हाडचे महाधिवक्ता झाले आणि १९४६ मध्ये न्यायाधीश. तेव्हा खामगावही त्याच प्रांतात होते. १९६८ मध्ये ते सरन्यायाधीश झाले. संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेश त्यांच्या अध्यक्षतेखालील घटनापीठाने १५ डिसेंबर १९७० रोजी रद्द ठरवला. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त झाले.

ज्याने वर्षानुवर्षे सरकारची फी घेतली तो सरकारविरुद्ध निकाल कसा देईल, ही शंका गैर नाही. पण ती निकाल वाचून तपासावी. जानेवारी २०२३ मध्ये नोटाबंदी वैध ठरवणारा बहुमताचा निकाल गवई यांनीच लिहिला आणि दीड वर्षाने विरोधी पक्षाचे नेते मनीष सिसोदिया यांना जामीन देणाऱ्या पीठावरही तेच होते. बाजू कोणाची हे न पाहता प्रकरण पाहायची सवय चांगल्या सरकारी वकिलाला न्यायासनावर बसण्याआधीच लागते. अभियोक्त्याने काहीही करून शिक्षा मिळवण्याच्या मागे लागू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये शिव कुमार विरुद्ध हुकम चंद या प्रकरणात सांगितले, ते याच कारणाने.

आता खामगावच्या कोर्टाकडे येऊ. खुनाच्या किंवा अत्याचाराच्या खटल्यात पीडितेचे कुटुंब वकील निवडत नाही. सरकार देते तोच त्यांचा वकील. त्याने कागद आदल्या रात्री वाचले की महिनाभर आधी, साक्षीदाराला धीर दिला की नाही, फितूर साक्षीदाराची उलटतपासणी कशी घेतली, यावर खटल्याचे भवितव्य ठरते. आरोपी निर्दोष असेल तर त्याचेही भवितव्य याच वकिलाच्या सचोटीवर टांगलेले असते. नागपूरला अपिलात जाणे म्हणजे सुमारे ३०० किलोमीटरचा प्रवास, वेगळा वकील आणि वर्षांची प्रतीक्षा. म्हणून पहिलाच खटला नीट चालला पाहिजे.

असे असूनही या नेमणुकांकडे राजकीय सोय म्हणून पाहिले जाते, सरकार बदलले की वकिलांची यादी बदलते. सहायक अभियोक्त्यांना पोलिसांच्या नियंत्रणातून मोकळे करा, असे महाराष्ट्राला १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले होते. २०१६ मध्ये पंजाबच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने विधी अधिकाऱ्यांची निवड पारदर्शक आणि गुणवत्तेवर व्हावी, असे बजावले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही जिल्हाधिकाऱ्याने सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नावांची यादी करावी, असे म्हटले आहे.

हा विचारविनिमय नावापुरता उरू नये. बुलडाणा जिल्ह्यासाठी पुढची यादी होईल तेव्हा उमेदवारांनी चालवलेले खटले, त्यांचे निकाल आणि निवडीचे निकष जाहीर करावेत. मुदतवाढ देताना कामाचा आढावा घ्यावा, त्यात सत्र न्यायाधीशांचे मत लेखी असावे. खामगावच्या वकील संघाने ही मागणी सर्वात आधी करावी. यादीत कोणाचे नाव येते आणि कोणाचे गळते, हे त्यांच्याइतके जवळून दुसरे कोणी पाहत नाही.