आरशात न दिसणारी जागा

वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी मी मोटारसायकलच्या परीक्षेत नापास झालो. स्थळ, इंग्लंडातल्या बर्मिंगहॅमजवळचे एक परीक्षा-मैदान. साल २०२३. परीक्षक बाई माझ्या मुलीपेक्षा फार मोठ्या नसाव्यात. त्यांनी अत्यंत सौजन्याने सांगितले, ‘यू-टर्न घेण्यापूर्वी तुम्ही उजव्या खांद्यावरून मागे पाहिले नाहीत.’ मी म्हणालो, आरशात पाहिले होते. त्या म्हणाल्या, ‘आरशात सगळे दिसत नाही.’ संपले!

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढे? पण मी पुण्याचा. विद्यार्थीदशेत आणि नोकरीची पहिली वर्षे येझदी चालवलेला. किक आणि गिअरचा दांडा एकच असलेली ती गाडी ज्याने लक्ष्मी रोडच्या गर्दीतून काढली, कात्रजच्या घाटात दोघांना घेऊन चढवली, त्याला कोण शिकवणार? परवानाही मला पहिल्याच फटक्यात मिळाला होता. आठचा आकडा काढला, पाय टेकला नाही, झाले. त्या दिवशी मी कधी रस्त्यावर गेलोच नाही. कोणी नेलेच नाही.

२००१ साली नोकरीनिमित्त इकडे आलो. भारतीय परवाना इथे बारा महिनेच चालतो. मग इथली परीक्षा द्यावी लागते. मी मोटारीची दिली आणि दुचाकीचा विषय मिटला. थंडी, पाऊस, मुलांच्या शाळा, घराचे हप्ते. परदेशी आलेला माणूस पहिल्यांदा काय सोडतो, तर चैनीच्या गोष्टी, आणि मोटारसायकल इथे चैनच आहे. मुले मार्गी लागल्यावर, एका पावसाळी संध्याकाळी शेजाऱ्याच्या गाडीचा ठोका कानावर आला आणि बावीस वर्षे झोपलेले काहीतरी जागे झाले.

पण इथे ‘बसलो आणि निघालो’ नाही. आधी एक सक्तीचे प्राथमिक प्रशिक्षण. ही पद्धत १९९० पासूनची. त्यात एकशे पंचवीस सीसीची गाडी आणि पाठीवर पिवळे जाकीट. मग संगणकावर पन्नास प्रश्न. त्रेचाळीस बरोबर हवेत. त्यानंतर चित्रफिती दाखवतात आणि धोका कुठे निर्माण होतो आहे ते ओळखायला सांगतात. मग बंद मैदानावरची परीक्षा: खुंट्यांमधून नागमोडी, आठचा आकडा, यू-टर्न, ताशी पन्नास किलोमीटर वेगात अचानक ब्रेक. आणि शेवटी खुल्या रस्त्यावर परीक्षक मागून येतात आणि कानातल्या यंत्रातून सूचना देतात. सगळ्यांत शेवटी परवाना.

शिक्षक पहिल्या दिवसापासून एकच घोकत होते: वळण्याआधी, रस्त्यातली जागा बदलण्याआधी खांद्यावरून एक नजर मागे. तिला इथे नावच ‘जीव वाचवणारी नजर’ असे आहे. मला ते अतिरेकी वाटे. माझी मान वळेचना. माझ्या हाताला मात्र एक सवय होती: अंगठा आपोआप हॉर्नकडे जाई. तेव्हा लक्षात आले की आपण हॉर्नने पाहतो! मागचा वाजवील, मग आपण सरकू. आपण वाजवू, मग पुढचा सरकेल. पाहण्याची जबाबदारी नेहमी दुसऱ्याची.

नापास होऊन घरी आलो तेव्हा बायको म्हणाली, ‘अहो, देवानेच सुचवले असेल. आता पुरे.’ तिच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. १९९४ साली आमच्या वाड्यातला माझा मित्र सातारा रस्त्यावर गेला. पेट्रोल पंपावर जायला उजवीकडे वळला आणि मागून आलेला ट्रक त्याला दिसलाच नाही. डोक्यावर हेल्मेट नव्हते. आम्ही सगळे म्हणालो, ‘वेळ आली होती.’ ट्रकवाल्यालाही शिव्या दिल्या. तो उत्तम गाडी चालवायचा, असे मी आजवर शपथेवर सांगितले असते. त्या रात्री मात्र झोप लागली नाही. तो ज्या चुकीने गेला, त्याच चुकीसाठी मला नापास केले होते. फरक एवढाच की ती चूक आहे, हे त्याला कोणी कधी सांगितलेच नव्हते.

परदेशात राहून उपदेश करणाऱ्यांचा मलाही कंटाळा आहे. इथेही सगळे आलबेल नाही: रस्त्यावरच्या वाहतुकीत मोटारसायकलींचा वाटा जेमतेम एक टक्का, तरी २०२२ मध्ये अपघाती मृत्यूंपैकी सुमारे एक पंचमांश त्यांचेच. दुचाकी धोक्याचीच. पण म्हणूनच इथे शिकवल्याशिवाय देत नाहीत. आपल्याकडे ती चैन नाही. दूध, शाळा, नोकरी सगळे तिच्यावर. २०२२ मध्ये देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतली चव्वेचाळीस टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची. हेल्मेट नसलेले मृत पन्नास हजारांवर. खड्डे, ट्रक, बेशिस्त हे सगळे खरे. पण जे वाहन सर्वांत जास्त लोक चालवतात, तेच आपण सर्वांत कमी शिकवतो.

आणि आपण पुणेकर! २०१९ च्या जानेवारीत हेल्मेटसक्तीविरुद्ध मोर्चे निघाले तेव्हा मीही इथून टाळ्या पिटल्या होत्या. शहरात वेग कुठे असतो, मान दुखते, ऐकू येत नाही, हे युक्तिवाद मला तोंडपाठ होते. आज ते सांगायची लाज वाटते. सक्ती वाईट म्हणावी तर आधी शिक्षण तरी मागावे. आपण दोन्ही नाकारतो आणि त्याला स्वातंत्र्य म्हणतो. परवान्याची परीक्षा खऱ्या रस्त्यावर, मागे परीक्षक ठेवून घ्या, एवढ्या साध्या मागणीसाठी एखादा मोर्चा निघाला तर मी विमानाचे तिकीट काढून येईन.

दुसऱ्या खेपेला पास झालो. तमिळनाडूत बनलेली एन्फिल्ड घेतली. जिचे मूळ घर इथून जवळच, रेडिचला. १९५५ मध्ये ती मद्रासला गेली आणि तिकडचीच झाली. माझा प्रवास उलटा. पहिल्या रविवारी रेडिचपर्यंत जाऊन आलो. निघताना बायको दारात उभी होती. ‘पोहोचल्यावर फोन करा,’ एवढेच म्हणाली. फाटकातून रस्त्याला लागण्याआधी मी खांद्यावरून मागे पाहिले. रस्ता रिकामा होता. तरी पाहिले.