पाळण्याची घांसणी

गेल्या मासीं आमच्या घरचा जुना पाळणा माळ्यावरून खालीं उतरला. पाळणा सागवानी, आम्ही व आमचीं सर्व भावंडें त्यांतच निजलों, आणि आमचीं मुलेंही. धाकट्या सूनबाईचें डोहाळजेवण नुकतेंच आटोपलें होतें. तिनें सहज कठड्यावरून हात फिरविला, तों बोटांत कुसळ गेलें. हें पाहून पाळणा गुळगुळीत करण्याचें काम आम्हीं अंगावर घेतलें. जन्मभर मुलांना पायरीपायरीनें शिकविणाऱ्या आमची त्या कामीं कशी फजिती झाली, ती हकीकत वाचकांपुढें ठेवितों.

बाजारांतून आम्हीं दोनच प्रकारचे काचकागद आणिले, एक 60 नंबरचा व दुसरा 220 चा. दुकानदार मधले नंबरही घ्या म्हणत होता. तें आम्हांस त्याचें विक्रीचें चातुर्य वाटलें. खरखरीत कागद तळव्याखालीं धरून आम्हीं आडवाउभा, जसा सुचेल तसा फिरविला. आडवा घांसल्यानें लाकूड लवकर निघतें, हें पाहून तर आम्ही अधिकच खूष झालों. मग बारीक कागद. हाताला फळी रेशमासारखी लागूं लागली. स्पिरिटांत विरघळविलेल्या चपडा लाखेचा पहिला हात दिला आणि सायंकाळीं दिवा लावून पाहतों, तों पाटीवर पोरानें गिरगिटावें तसे सर्वत्र आडवे ओरखडे !

शेजारचे वृद्ध सुतारकाका आले. फळी तिरपी धरून म्हणाले, "मास्तर, साठावरून एकदम दोनशेवीसांवर उडी मारलीत. मधले ओरखडे कोणीं काढायचे ?"

त्यांनीं मग जें दाखविलें तें असें. नंबर जितका मोठा, तितके कागदावरचे कण बारीक. प्रत्येक कागदाचें काम एवढेंच कीं, मागच्या कागदाचे ओरखडे पुसून आपले लहान ओरखडे उमटवावयाचे. म्हणून 80, 120, 180 व मग 220. घांसावयाचें तें लाकडाच्या रेषेच्या दिशेनें. रेषेबरोबरचा बारीक ओरखडा तिच्यांत लपतो, आडवा ओरखडा लाख चढतांच उठून दिसतो. सपाट जागीं कागद ठोकळ्यावर गुंडाळावा. नुसत्या बोटांनीं दाबल्यास मऊ भाग अधिक झिजून फळीला खळगे पडतात. आणखी एक युक्ति आम्हांस फार आवडली : फळीवर पेन्सिलीनें फिकट रेघा ओढाव्या, आणि त्या सर्व नाहींशा होईपर्यंत घांसावें. कोठें हात पोंचला नाहीं, तें आपोआप कळतें. नंबर बदलतांना भुकटी झाडून टाकावी, नाहींतर मागचा एखादा जाड कण पुढल्या कागदाखालीं सांपडून नवी रेघ ओढतो.

स्पिरिटानें लाख पुसून आम्हीं पुनः आरंभ केला. शेवटच्या कागदापूर्वीं ओलसर फडकें फिरवावें लागतें. त्यानें दबलेले तंतू फुगून वर येतात. फळी पूर्ण सुकल्यावर 220 नें हलकेंच घांसलें म्हणजे पुनः कुसें उठण्याचें भय फारसें राहत नाहीं.

भुकटीविषयीं मात्र थट्टा नको. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें 1995 सालीं लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरविली आहे. नाकातोंडावर चांगली मुखपट्टी बांधून आम्ही परसांत बसत असूं, व सूनबाईला तिकडे फिरकण्याची सक्त मनाई होती. खांबांच्या बोंडांवर जुना हिरवा-तांबडा तैलरंग होता. तोही खरवडावयास आम्ही निघालों, तेव्हां थोरल्या चिरंजीवांनीं हात धरला. जुन्या रंगांत शिसें असण्याचा संभव असतो, आणि कोरडें घांसल्यास त्याची धूळ घरभर होऊन अर्भकांस फार बाधते. आपल्याकडे घरगुती रंगांतील शिशावर दशलक्ष भागांत 90 भाग ही मर्यादा 2017 पासून लागू झाली. आमचीं बोंडें त्याहून कितीतरी जुनीं. मुलाकडून शिकावयास प्रथम जड गेलें खरें. पण बोंडें काढून टाकिलीं व कातारी लोकांकडून नवीं करून आणिलीं.

दोन दिवसांचें काम सोळा दिवस चाललें. लाखेचे हात पुरते वाळले आहेत. काल सूनबाईनें कठड्यावरून उलटा हात सावकाश फिरविला, आणि कांहीं न बोलतां नवें धुतलेलें झबलें त्यावर वाळत घातलें.