यादीत आहे, म्हणून मशीनमध्ये असेलच असं नाही

मध्य प्रदेश सरकार बारावीत चांगले गुण मिळवणाऱ्यांना लॅपटॉपसाठी 25,000 रुपये देतं. तेवढ्यात मनाजोगता नवा बसला नाही, की बालाघाटची मंडळी गोंदिया-नागपूरचा जुना माल बघतात. दुकानदार विंडोज सुरू करून दाखवतो आणि सौदा होतो. माझं म्हणणं एवढंच, की विंडोजच्या आधीचा पडदा बघा.

हा पडदा एके काळी फार बोलका होता. 1990 च्या दशकात फ्रीबीएसडी ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करताना ‘बूट -सी’ दिलं, की कर्नलने, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याने, उपकरणं चाचपण्याआधीच ड्रायव्हरची यादी समोर यायची. वर चालू, खाली बंद, आणि दोन कार्डांनी एकच आयआरक्यू, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायची ओळ, मागितला तर टक्कर झाल्याची खूण. कॉम 1 आणि कॉम 3 हे सीरियल पोर्ट दोघेही आयआरक्यू 4 वर डोळा ठेवून असत, तेव्हा ही खूण लाखमोलाची होती. पुढे उपकरणं आपोआप ओळखणारं पीसीआय आणि प्लग अँड प्ले रुळलं, तसं ते साधन मागे पडलं. ओपनबीएसडी या दुसऱ्या सिस्टिममध्ये मात्र त्याचा भाऊबंद आजही आहे. एखादा ड्रायव्हर मशीन अडकवत असेल तर तिथे ‘डिसेबल’ लिहून तो बंद करायचा आणि ‘क्विट’ म्हणून पुढे जायचं.

पण या साधनांत एक खोच आहे. ती दाखवतात कर्नलला ठाऊक असलेली उपकरणं, तुमच्या मशीनमध्ये सापडलेली नव्हेत. नवख्याला वाटतं, एवढी नेटवर्क कार्डं माझ्याकडे आली कुठून? ‘ठाऊक’ आणि ‘सापडलं’ वेगळं दाखवायला हवं होतं. दोष वापरणाऱ्याचा नाही, मांडणीचा आहे.

आजच्या लॅपटॉपचा बायोस, म्हणजे विंडोजच्या आधीचा तो पडदा, या बाबतीत बरा. तो मुख्यतः सापडलेलंच सांगतो: प्रोसेसर, रॅम, डिस्कचं मॉडेल. कंपन्यांनी मात्र तो आपल्या बोधचिन्हाआड दडवलाय, हे मला पटत नाही. सुरू करताच डेलवर एफ 2, एचपीवर एफ 10, लेनोवोवर एफ 1 किंवा एफ 2 दाबा. दुकानदाराने 8 जीबी सांगितलेली रॅम तिथे 4 दिसते का, ते वाचा. तारीख भलतीच मागची असेल तर आतली छोटी बॅटरी संपली असण्याची शक्यता आहे; ती बदलता येते, भाव तेवढा पाडून घ्या.

आणि बायोसला पासवर्ड आहे, तो आठवत नाही, असं विकणारा म्हणाला, तर तो लॅपटॉप घेऊ नका.