कढत पेल्याचा उत्सव

पौष महिना लागला, म्हणजे आमच्या घरांत पहांटेचा पहिला प्रश्न "चहा झाला का?" हा असतो, व तो विचारणारांची संख्या थंडीच्या मानानें वाढत जाते. अकरा माणसांचें घर. त्यांतल्या दहांनीं विचारावें आणि एकीनें करावा, अशी ही जुनी वहिवाट आहे. ती एक म्हणजे आमच्या वडील वहिनी. त्यांना स्वतःला चहाची फारशी आवड नाहीं, ही घरांतील सर्वांची पक्की समजूत. तेव्हां ज्याला आवड नाहीं त्यानें तो सर्वांना करून द्यावा, यांत कोणाला वावगें असें कधीं वाटलें नाहीं. यंदा मात्र तें वाटूं लागलें, आणि त्याला निमित्त झाला कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हॅन्कूवर शहरांतला एक उत्सव. म्हणून या महिन्याच्या चार गोष्टी त्या उत्सवाच्याच सांगाव्या, असें आम्हीं ठरविलें आहे.

आमचा पुतण्या व सूनबाई तेथें राहतात. गेल्या हिंवाळ्यांत सूनबाईंचें बाळंतपण होतें, म्हणून वहिनी चार महिने तिकडे होत्या. व्हॅन्कूवरला कॅनडाच्या इतर भागांइतका बर्फ पडत नाहीं. पाऊस मात्र पडतो, आणि जानेवारींत तो दिवसचे दिवस रिपरिपत राहतो. दुपार सरते न सरते तोंच अंधारून येतें. नाताळचा खर्च नुकताच होऊन गेलेला, खिसे हलके झालेले, आणि बाहेर पाय टाकण्यास मन घेत नाहीं; अशा दिवसांत चहाकॉफीच्या दुकानांनीं माशा मारीत बसावें, हें ओघानेंच आलें.

२०११ सालीं तेथें यावर एक नामी युक्ति निघाली. जानेवारीच्या मध्यापासून १४ फेब्रुवारीपर्यंत शहरभरच्या उपाहारगृहांनीं, पाववाल्यांनीं व चॉकलेट करणारांनीं आपापल्या परीचें हॉट चॉकलेट करावें, आणि लोकांनीं एका दुकानांतून दुसऱ्या दुकानांत हिंडत तें चाखावें, असा हा उत्सव. तेव्हांपासून तो दरवर्षीं होत आला असून त्यांतील चवींची संख्या आतां शंभराच्या वर गेली आहे. कोणी त्यांत वेलदोडा घालतो, कोणी तिखट मिरची, कोणी जपानी चहाची हिरवी पूड. आणि पेल्याबरोबर बशींत एखादें बिस्किट किंवा वडी ठेवलेली असते. यादी हातांत घेऊन, चाखलेल्या पेल्यापुढें खूण करीत, महिनाभर पावसांत हिंडणारे हौशी लोकहि तेथें आहेत. आपल्याकडे श्रावणांत देवळांच्या फेऱ्या करणारी मंडळी असतात, त्यांच्याच निष्ठेनें हे लोक दुकानांच्या फेऱ्या करतात.

वाचकांपैकीं पुष्कळांना हॉट चॉकलेट म्हणजे डब्यांतली तपकिरी पूड दुधांत कालवून मुलांना देतात तें, असें वाटेल. तो खरें पाहतां कोको होय. कोकोच्या बियांत निम्म्याच्या आसपास स्निग्धांश असतो. हॉलंडमधील व्हान हौटेन घराण्यानें १८२८ सालीं दाबयंत्राचें पेटंट घेतलें, आणि त्या यंत्रानें बियांतील बरेंचसें तूप काढून घेऊन मागें राहिलेल्या पेंडीची पूड होऊं लागली. ती पूड म्हणजे कोको. उत्सवांतील पेल्यांत तूप न काढलेलें चॉकलेटच किसून अथवा वितळवून दुधांत घोटतात. म्हणून तें दाट व जड होतें. ताक आणि सायीचें दहीं यांत जें अंतर, तेंच या दोहोंत आहे.

हें पेय मुळांत युरोपचें नव्हे. मेक्सिको व मध्य अमेरिका येथील माया, अझ्टेक इत्यादि लोक स्पेनचीं गलबतें तेथें लागण्यापूर्वीं कित्येक शतकें कोको पीत असत. तो कडू असे, व त्यांत पुष्कळदां मिरची पडे. अझ्टेकांच्या बाजारांत तर कोकोच्या बिया नाण्यांप्रमाणें चालत. पेयाला फेंस यावा म्हणून तें उंचावरून एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत ओतीत. पुढें त्या कामासाठीं एक लांकडी घुसळणी आली. तिला मोलिनियो म्हणतात, व ती दोन तळव्यांमध्यें धरून फिरवितात. पुतण्यानें तिचें चित्र दाखवितांच वहिनी म्हणाल्या, "अरे, ही तर आपली रवी!"

साखर पडून हें पेय स्पेनमध्यें रुजलें, तेव्हां तिकडील धर्मशास्त्र्यांपुढें एक पेंच उभा राहिला: उपासाला चॉकलेट चालतें कीं नाहीं? १६३६ सालीं माद्रिद येथें अंतोनियो दे लेऑन पिनेलो या विद्वानानें एवढ्या एकाच प्रश्नावर सबंध ग्रंथ लिहिला. आणि त्याच शतकांत कार्डिनल ब्रांकाच्चो यांनीं, द्रव पदार्थानें उपास मोडत नाहीं, असा निर्वाळा दिला. आमच्या घरीं एकादशीस चहा चालतो, कॉफी चालते, पण बिस्किट चालत नाहीं. हा निर्वाळा कोणत्या कार्डिनलनें दिला, याचा शोध आम्ही अद्याप करीत आहों.

तथापि पेल्यांतून धर्मशास्त्र उपसणाऱ्या त्या लोकांना आपण फार हंसूं नये. १८९० सालीं पुण्यास पंचहौद मिशनमध्यें न्यायमूर्ति रानडे, लोकमान्य टिळक, गोपाळराव गोखले इत्यादि मंडळी गेली असतां पुढें चहाबिस्किटें आलीं. मागाहून गोपाळराव जोशी यांनीं हजर असलेल्यांचीं नांवें छापून आणलीं, आणि पेलाभर चहावरून पुण्यांत ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, चौकशी बसली, कित्येकांनीं प्रायश्चित्तें घेतलीं. त्या पेल्यांत काय होतें याची चिंता कोणाला नव्हती. तो कोणाच्या हातचा व कोणाच्या घरचा, एवढाच सारा वाद होता.

"कोणाच्या हातचा" हा प्रश्न आज आपण पुन्हां विचारला पाहिजे, पण वेगळ्या हेतूनें: ज्याच्या हातचा हा पेला, त्याच्या वांट्याला काय येतें? जगांतील निम्म्याहून अधिक कोको पश्चिम आफ्रिकेंतील आयव्हरी कोस्ट व घाना या दोन देशांत पिकतो. शिकागो विद्यापीठांतील एनओआरसी या संशोधनसंस्थेनें २०२० सालीं प्रसिद्ध केलेल्या पाहणींत, या दोन देशांच्या कोको पिकविणाऱ्या भागांत सुमारें १५ लाख ६० हजार मुलें कोकोच्या कामांत बालमजुरी करीत असावींत, असा अंदाज दिला आहे. कोयत्यानें कोकोचीं फळें फोडणें, ओझीं वाहणें, हीं त्यांचीं कामें. २०२४ च्या डिसेंबरांत कोकोचा भाव टनास १२,००० डॉलरांवर चढला होता. परंतु त्या देशांत शेतकऱ्यास मिळणारा भाव हंगामाच्या आरंभीं सरकारकडून ठरविला जात असल्यामुळें ती तेजी त्याच्या उंबऱ्यापर्यंत फारशी पोंचली नाहीं.

यावर उपाय नाहीं असें मात्र नाहीं. आपल्याकडे केरळ, कर्नाटक, आंध्र व तमिळनाडु येथें नारळीपोफळीच्या बागांतून कोको होतो. १९७३ सालीं मंगळूर येथें स्थापन झालेल्या कॅम्पको या बागाइतदारांच्या सहकारी संस्थेनें १९८६ सालीं पुत्तूर येथें स्वतःचा चॉकलेटचा कारखाना काढला, म्हणजे बी पिकविणाराच चॉकलेटचा धनी झाला. व्हॅन्कूवरच्या उत्सवानेंहि हें भान ठेवलें आहे. त्याच्या द्वारें डाऊनटाऊन ईस्टसाइड या शहराच्या अत्यंत गरीब वस्तींतील कार्यास मदत होत आली आहे. त्या वस्तींत पीएचएस या सेवासंस्थेनें ईस्ट व्हॅन रोस्टर्स नांवाचें लहानसें दुकान काढलें, व व्यसनांतून सुटूं पाहणाऱ्या निराधार स्त्रियांना बिया भाजण्यापासून चॉकलेट करण्यापर्यंतचें काम शिकवून रोजगार दिला. पिणाराच्या सुखांतून करणाराची सोय व्हावी, हा त्यांतला हेतु आम्हांला फार मोलाचा वाटतो.

आतां वहिनींची गोष्ट. बाळाला सव्वा महिना झाल्यावर सूनबाई व पुतण्या त्यांना अशाच एका दुकानांत घेऊन गेले. बाहेर पाऊस लागला होता. वहिनींना खिडकीशीं बसविलें, आणि एका तरुण मुलीनें वाफाळलेला पेला त्यांच्यापुढें आणून ठेवला. वहिनींनीं तो दोन्ही हातांनीं धरला, पण ओंठाला लावीनात. "गार होईल," असें सूनबाई म्हणाल्या, तेव्हां वहिनींनीं त्या मुलीकडे बोट करून विचारलें, "हिनें घेतला का?" सूनबाईंनीं संकोचत संकोचत तो प्रश्न इंग्रजींत त्या मुलीला विचारला. ती हंसली व म्हणाली, "काम संपल्यावर आम्हांला एक पेला फुकट मिळतो. पण दिवसभर लोकांना देऊन देऊन तोंवर मला चॉकलेटकडे पाहवतहि नाहीं."

हें उत्तर सूनबाईंनीं मराठींत सांगितलें. वहिनींनीं मान डोलविली आणि म्हणाल्या, "अगदीं माझ्यासारखंच ग. सगळ्यांचं होईपर्यंत मलाहि चहा नकोसा होतो."

पुतण्यानें ही हकीकत आम्हांला फोनवर मोठ्या गंमतीनें सांगितली. घरांतील मुलें हंसलीं. आम्हांला हंसूं आलें नाहीं. चव्वेचाळीस वर्षें वहिनी या घरांत आहेत. आणि चव्वेचाळीस वर्षें, त्यांना चहा आवडत नाहीं, असें आम्ही सर्वजण धरून चाललों होतों. पातेल्याच्या तळाशीं उरलेला, दोनदां तापविलेला चहा कोणाला आवडेल, हा विचार आमच्या मनाला एकदांहि शिवला नाहीं. पश्चिम आफ्रिकेंतील मुलांचे आंकडे वाचून आम्ही हळहळत होतों. स्वयंपाकघर आमच्या खुर्चीपासून बारा पावलांवर होतें.

आणि तेवढ्यानें भागत नाहीं. आमच्या स्वयंपाकघरांत मोरीजवळच्या फडताळांत दांडा तुटलेला एक कप कित्येक वर्षें निराळा असे. भांडीं घासावयास येणाऱ्या मावशींचा चहा त्यांत होई. असा कप आमच्याच घरीं होता असें नव्हे. वाचकांनीं आपापल्या घरचें फडताळ उघडून पाहावें. १८९० च्या ग्रामण्याच्या गोष्टी सांगून आपण जुन्या काळाला हंसतों, आणि आपला निराळा कप मात्र आपल्याला दिसत नाहीं.

मार्चांत वहिनी परत आल्या. दुसऱ्याच दिवशीं सकाळीं त्यांनीं चहा केला, नेहमींच्या कपबश्यांतले दोन कप काढले, एक मावशींना दिला, दुसरा स्वतः घेतला, आणि दोघी टेबलाशीं समोरासमोर बसल्या. मावशी प्रथम अंग चोरून बसल्या होत्या. मग हळूहळू नातवाच्या गोष्टी निघाल्या. दोघींचा चहा पिऊन झाल्यावर आम्हां इतरांचा आला. तो दांडा तुटलेला कप केव्हां नाहींसा झाला हें आम्हांला ठाऊक नाहीं, आणि कोणीं विचारलेंहि नाहीं. त्या दिवशीं आम्हांला चहा दहा मिनिटें उशीरां मिळाला, व त्यामुळें कोणाचें कांहींहि अडलें नाहीं.

यंदा संक्रांतीच्या संध्याकाळीं तिळगुळाबरोबर तिकडचा हा पेला घरीं करण्याचा बेत आम्हीं केला आहे, व तो घरांतील पुरुषमंडळींनीं करावयाचा असें ठरलें आहे. वहिनींनीं कृति सांगितली ती अशी. चार लहान पेल्यांस अर्धा लिटर सायीचें दूध व शंभर ग्रॅम कडवट चॉकलेट घ्यावें. दूध वाफा येईपर्यंत तापवून, उकळी येण्यापूर्वीं खालीं उतरावें. चॉकलेट किसून त्यांत घालावें, बेताची साखर, जायफळाची पूड व किंचित् मीठ टाकावें, आणि फेंस येईपर्यंत रवीनें घुसळावें. मग मंद आंचेवर दोन मिनिटें ठेवून लगेच पेले भरावे.

भरतांना पहिला पेला ज्यानें केलें त्याचा, आणि तो त्यानें कढत असतांनाच बसून प्यावा.